ऐकणाऱ्याचा कान

आकाशवाणीच्या वृत्तविभागांत हयात घालविलेले एक वृद्ध गृहस्थ आमच्या विद्यार्थ्यांस बातमीलेखन शिकवावयास आले, तेव्हां आम्हीही कुतूहलानें मागच्या बाकावर जाऊन बसलों. त्यांनीं विषय दिला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपाचा. एका विद्यार्थिनीनें लिहिलें, "काळरात्रीनें तांडव मांडून सहस्रावधि निद्रिस्तांस गिळिलें." हें वळण आमचेंच, आम्ही मनांत सुखावलों.

वृद्धांनीं शांतपणें विचारिलें, "मुली, तांडव कोणीं पाहिलें? त्या पहाटे हा आकडा तुला कोणीं दिला? ज्याची बहीण सास्तुरास नांदते, त्यानें यांतून काय समजावें? वाचकाला मागचें वाक्य पुन्हां वाचतां येतें, श्रोत्याला नाहीं. गांवांचीं नांवें आधीं सांग."

तिनें पुन्हां लिहिलें: "लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत आज पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला. किल्लारी आणि सास्तूर येथील घरें कोसळलीं. मृतांची संख्या अद्याप कळलेली नाहीं."

वर्ग स्तब्ध झाला. आमच्या अंगावर कांटा आला. अलंकारांनीं तो कधीं आला नव्हता.

घरीं येऊन आम्ही आमचीं व्याख्यानांचीं जुनीं टिपणें काढलीं. पहिल्याच पानावरचीं तीन विशेषणें खोडलीं. चौथ्यापाशीं मात्र हात अडला.