माकडाचें सुतक

माणसानें कशासाठीं हळहळावें याला कांहीं मर्यादा असावी, असें माझी पत्नी म्हणते. १ जून २००८ रोजीं पहाटे लॉस एंजलिसच्या युनिव्हर्सल स्टुडिओंत आग लागली आणि त्या आगींत तिथला तीस फूट उंचीचा किंगकाँग जळून गेला. ही बातमी वाचल्यावर मी दुपारीं जेवलों नाहीं. भूक नव्हती, इतकेंच. पण “माकडाचं सुतक पाळताय का?” असा प्रश्न स्वयंपाकघरांतून आला, आणि त्याचें उत्तर मला देतां आलें नाहीं. छपराच्या दुरुस्तीचें काम करणाऱ्या कामगारांच्या ज्योतीनें ती आग लागली होती. तिच्यांत जुन्या ध्वनिमुद्रणांच्या मूळ फितीहि जळाल्या. त्याचा खरा गवगवा झाला तो २०१९ मध्यें, आणि नेमक्या किती जळाल्या याविषयीं वादहि झाला. शहाण्या माणसानें हळहळावें तें त्या फितींसाठीं. मीं हळहळलों तो एका लोखंडी सांगाड्याच्या, केंसाळ कातडें पांघरलेल्या वानरासाठीं. सुतक वानराचें नव्हतें, हें पत्नीला सांगावयास मला पुढें बरींच वर्षें लागलीं.

त्या वानराची आणि माझी ओळख माझ्या वडिलांनीं करून दिली, असें म्हणावयास हरकत नाहीं. मी त्या शहरांत दहा वर्षें राहत होतों, पण तिकडे फिरकलों नव्हतों. मुंबईकर जसा घारापुरीला पाहुणे आल्यावांचून जात नाहीं, तसेंच हें. १९९७ च्या उन्हाळ्यांत आण्णा आमच्याकडे आले. तेव्हां त्यांना सत्तर वर्षें पुरीं झालीं होतीं. काय पाहावयाचें, असें विचारतांच ते म्हणाले, “तो सिनेमाचा कारखाना दाखव. बाकी डोंगर-समुद्र आपल्याकडे आहेत.”

या हट्टाला इतिहास होता. कोल्हापूरची प्रभात फिल्म कंपनी १९३३ सालीं पुण्यास आली तेव्हां आण्णा सहा वर्षांचे होते. पुढें मित्रांबरोबर ते त्या स्टुडिओच्या आवाराशीं जाऊन उभे राहत. आंत ऋषींचे आश्रम आणि राजांचे वाडे उभे राहत आहेत, हें साऱ्या पुण्याला ठाऊक. पण दिसावयाचा तो पहारेकरी. १९३६ सालीं दामले-फत्तेलालांचा ‘संत तुकाराम’ आला. त्याच्या शेवटीं तुकोबा विमानांत बसून वैकुंठास जातात. नऊ वर्षांच्या आण्णांना तें विमान कसें उडालें याचें कोडें पडलें. घरीं विचारलें तेव्हां आजोबांनीं “भक्तीनं” असें उत्तर दिलें, आणि मित्रांनीं “दोरीनं” असें दिलें. आण्णांचें दोन्ही उत्तरांनीं समाधान झालें नाहीं. पुढें त्यांनीं एका बँकेंत छत्तीस वर्षें हिशेब लिहिले, पण कोणताहि सिनेमा पाहून आल्यावर ते कथेविषयीं बोलत नसत, “तो पूल कसा पाडला असेल रे?” असें विचारीत.

ज्या आवाराबाहेर त्यांना उभें राहावें लागलें त्या आवारांत १९६० पासून चित्रपटशिक्षणाची संस्था आहे. अमेरिकेंत मात्र कार्ल लेम्ले नांवाच्या, जर्मनींतून आलेल्या एका हिशेबी गृहस्थानें १९१५ सालींच ओळखलें होतें कीं, सिनेमा पाहण्याइतकेच सिनेमा होतांना पाहण्याचेहि पैसे मिळतात. त्यानें आपल्या युनिव्हर्सल सिटींत लोकांसाठीं बांकें मांडलीं आणि माणशीं पंचवीस सेंट घेऊन त्यांना चित्रण पाहूं दिलें. मूकपट होते तोंवर प्रेक्षकांनीं आरडाओरडा केला तरी बिघडत नसे. बोलपट आले, शांतता हवी झाली आणि ती बांकें उठलीं. नंतर १९६४ सालीं उघड्या डब्यांच्या गाड्यांतून स्टुडिओ दाखविण्याची प्रथा पुन्हां सुरू झाली. त्याच गाडींत बसून आण्णा आणि मी, माझी पत्नी आणि सहा वर्षांची मुलगी, असे आम्ही निघालों.

गाडी एका मेक्सिकन खेड्याच्या गल्लींत थांबली. आभाळ निरभ्र. एकाएकीं पाऊस पडूं लागला, आणि चढावरून पाण्याचा लोंढा घोंघावत खालीं आला; वाटेंतलें झाड उन्मळल्यासारखें झालें, आणि आतां पाणी आपल्या अंगावर येणार असें वाटतें न वाटतें तोंच गाडीखालीं कुठेंसें गडप झालें. डब्यांतले लोक किंचाळले आणि मग हंसले. आण्णा हंसले नाहींत. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें तेव्हां ते पुण्यांत होते. आमच्या घराच्या पहिल्या मजल्याच्या पायरीपर्यंत आलेलें पाणी त्यांनीं पाहिलें होतें. मीं मनांत म्हटलें, यांना इथें आणून चूक केली. पण ते मान वळवून मागें पाहत होते. उतारावरचें पाणी आटलें होतें, झाड आपोआप उभें राहत होतें, आणि मागून पुढची गाडी येत होती. “अरे, परत गोळा करतात पाणी!” ते म्हणाले. थोड्या वेळानें, कुणालाच उद्देशून नव्हे असे, ते पुटपुटले, “असं करतां आलं असतं तर.”

भूकंपाच्या स्थानकाविषयीं फार लिहीत नाहीं. जमिनीखालचें रेल्वेस्थानक हादरतें, रस्ता खचून तेलाची मोटार खालीं येते, आग, पाणी, सारें कांहीं होतें आणि घटकाभरानें सारें पूर्ववत्. आम्हां तिथल्या रहिवाशांना त्याचें कौतुक बेताचेंच. १७ जानेवारी १९९४ च्या पहाटे नॉर्थरिजचा खरा भूकंप आम्हीं अंथरुणांत अनुभवला होता, आणि फुटलेलीं कपबशांचीं कपाटें आपोआप भरत नाहींत हें आम्हांला ठाऊक होतें.

आणि मग काँग. काळोख्या न्यूयॉर्कच्या रस्त्यांतून गाडी एका पुलावर शिरली, आणि पुलाच्या तारांना धरून तो उभा होता. बॉब गर नांवाच्या, पूर्वी डिस्नेकडे काम केलेल्या यंत्रकारानें तो घडविला होता आणि १९८६ पासून तो रोज शेंकडों वेळां हा पूल हलवीत होता. त्यानें मान वळवली. डोळे आमच्यावर रोखले. तोंड उघडलें, आणि त्या जबड्यांतून केळ्यांचा वास आला! त्या वासाची योजना ज्याच्या डोक्यांतून निघाली त्याला मी कवि मानतों. आण्णांनीं खिशांतला रुमाल काढला. मला वाटलें नाकाला लावतात. त्यांनीं डोळे पुसले. हंसतां हंसतां पाणी आलें होतें. “अरे, हा खरा आहे,” ते म्हणाले.

या वाक्यावर मीं पुष्कळ विचार केला आहे. १९३३ च्या मूळ चित्रपटांतला काँग म्हणजे विलिस ओब्रायनच्या हातांखालीं केंसाकेंसानें सरकणारी सुमारें दीड फुटाची बाहुली. पडद्यावर जी डोंगराएवढी दिसली ती वस्तु मुळांत उशीवर निजविण्याजोगी होती. आणि इथें, जिथें सारें लटकें म्हणून आपण तिकीट काढून येतों, तिथें तिला खरोखरीचें वजन होतें, खरोखरीची उंची होती. जुन्या करमणुकींची गंमत ही होती. २०१० मध्यें जळालेल्या काँगच्या जागीं नवा काँग आला. तो पडद्यावरचा आहे, चष्मा लावून पाहावयाचा. तो जुन्यापेक्षां शंभरपट चपळ आहे, राक्षसी सरड्यांशीं झुंजतो, आणि चष्मा काढला कीं नाहींसा होतो. मी हें म्हणतों तेव्हां मुलगी हंसते. आणि तिचें हंसणें अगदींच अन्यायाचें नाहीं. मूकपटच बरे होते असें माझे आजोबा म्हणत, आणि आण्णा त्यांना हंसत.

पण मला सांगावयाचें तें पुढेंच आहे, आणि मी इतका वेळ पाण्यांत आणि पुलावर रेंगाळलों तें बहुधा त्यामुळेंच.

१९८२ सालच्या स्पीलबर्गच्या चित्रपटांतला तो परग्रहावरचा बुटका पाहुणा, ई.टी., याच्या नांवाची एक सफर तिथें १९९१ पासून होती. आंत शिरण्यापूर्वीं प्रत्येकानें आपलें नांव सांगावयाचें. तें नांव एका कार्डावर यंत्रानें नोंदवून देत. मग देवदारांच्या काळोख्या रानांतून रांग जाई, आणि शेवटीं सायकलींसारख्या आसनांवर बसावयाचें. वरच्या रुळाला टांगलेल्या त्या सायकली हळूहळू उचलल्या जात, आणि खालीं दिव्यांनीं लखलखणारें इवलेंसें शहर आणि समोर चंद्र असें आपण उडत उडत त्याच्या ग्रहावर पोंचत असूं. परततांना ई.टी. निरोप घेई, आणि त्यावेळीं तो आपलें नांव घेई. आधींच ध्वनिमुद्रित करून यंत्रांत भरून ठेवलेल्या हजारों नांवांतून तो एकेक उच्चारी.

दारावरच्या मुलीनें आण्णांना नांव विचारलें. त्यांनीं तें सांगितलें. शाळेच्या हजेरींत सांगावें तसें, स्पष्ट आणि पूर्ण. चार अक्षरें, त्यांत दोन जोडाक्षरें. गुरुचरित्राच्या घरांतलें नांव तें. मुलीनें अगदीं सौजन्यानें पुन्हां विचारलें. आण्णांनीं पुन्हां सांगितलें. मागें रांग होती. कुणीतरी घड्याळ पाहिलें. आणि मी पुढें होऊन म्हणालों, “जॉन लिहा.”

कचेरींत मला लोक ज्या नांवानें हांक मारीत तें हें नांव. माझें स्वतःचें नांव त्यांच्या जिभेला जड जातें म्हणून मीं तें दहा वर्षांपूर्वीं घेतलें होतें, आणि त्यांत मला कधीं कांहीं वाटलें नव्हतें. आण्णांना इंग्रजी उत्तम येई. त्यांनीं माझ्याकडे पाहिलें, कार्ड घेतलें, आणि रांगेंतून पुढें चालूं लागले.

सायकली उडाल्या तेव्हां मीं त्यांच्याकडे पाहिलें. त्यांनीं दोन्ही हातांनीं समोरचा दांडा घट्ट धरला होता आणि तोंड किंचित् उघडें होतें. नऊ वर्षांच्या मुलाला पडलेलें कोडें सत्तराव्या वर्षीं सुटत होतें; दोर कुठें आहे हें पाहण्यासाठीं त्यांनीं एकदांहि वर पाहिलें नाहीं. शेवटीं तो बुटका पाहुणा बोट उंचावून एकेकाचा निरोप घेऊं लागला. मुलीचें दोन अक्षरी नांव तिथल्यांच्या सरावांतलें. तें त्यानें घेतलें तशी ती चीत्कारली. मग तो “जॉन” म्हणाला. बाहेर उन्हांत आल्यावर आण्णा थोडें थांबले. “छान होतं,” ते म्हणाले. “मला हांक मारायची राहिली त्याची.”

रागानें म्हणाले असते तर बरें झालें असतें. मीं म्हटलें, “पुन्हां बसूं या का?” पण मुलगी दमली होती, गाडी दूर उभी होती, आणि पुढच्या आठवड्यांत येऊं असें ठरलें. पुढच्या आठवड्यांत आम्ही दुसरीकडे गेलों. आण्णा पुण्यास परतले. २००१ सालीं ते गेले.

दोन वर्षांनीं, २००३ मध्यें, ती सफर बंद झाली आणि तिच्या जागीं ममीची धांवगाडी आली. फ्लॉरिडांतल्या युनिव्हर्सलमध्येंहि काँगचें एक बिऱ्हाड होतें. २००२ सालीं तें उठवून तिथेंहि ममीच आली. एका किनाऱ्यावर तिनें माकड घालविलें आणि दुसऱ्यावर पाहुणा. त्यामुळें २००८ ची आगीची बातमी वाचली तेव्हां मला वाटलें, आतां आण्णांना जिनें हंसविलें ती वस्तुहि उरली नाहीं. उरलें तें फक्त माझें वाक्य.

पुढें कळलें कीं, फ्लॉरिडांत १९९० सालीं उघडलेली ई.टी.ची सफर अजून चालू आहे. २०१४ च्या डिसेंबरांत मुलीबरोबर मी तिकडे गेलों. जिथें पूर्वी ‘जॉज’चा शार्क नावेला धडका देई तें तळें बुजवून त्या वर्षीं हॅरी पॉटरची गल्ली उघडली होती, आणि सारी गर्दी तिकडे लोटली होती. ई.टी.च्या दारांत रांग नव्हतीच म्हणावयाची. आंतल्या रानाला ओल्या देवदारांचा वास होता.

दारावरच्या मुलानें नांव विचारलें. मीं आण्णांचें नांव सांगितलें. त्यानें पुन्हां विचारलें. मीं एकेक अक्षर सुटें करून सांगितलें. घाई कुणालाच नव्हती. मुलगी माझ्याकडे पाहत होती. ती तेव्हां सहा वर्षांची होती. तिला काय आठवत असेल तें मीं विचारलें नाहीं, आणि तिनें सांगितलें नाहीं.

सायकली उडाल्या. शहर खालीं गेलें. परततांना त्या पाहुण्यानें बोट उंचावलें आणि तो नांवें घेऊं लागला; पण नेमक्या त्याच वेळीं मागल्या रांगेंतलें एक लहान मूल आनंदानें असें कांहीं किंचाळलें कीं, मला एकहि शब्द नीट ऐकूं आला नाहीं. सायकल वळली, दिवे मागें पडले.

बाहेर आल्यावर मीं म्हटलें, “कांहीं ऐकूंच आलं नाहीं.”

“मला आलं, बाबा,” ती म्हणाली, आणि पाणी विकत घ्यावयास पुढें गेली.