पाइप किती इंची?

खंबाटकीचा घाट चढण्याआधी ज्या ट्रकला धाप लागते, तो शिरवळजवळ आमच्या गॅरेजसमोर थांबतो. तीस वर्षं सायलेन्सर आणि पाइपांचंच काम करतोय. मालक उतरले की पहिला प्रश्न ठरलेला, “दादा, किती इंची टाकताय?” जाड पाइप म्हणजे जास्त ताकद, असं बहुतेकांच्या मनात आधीच बसलेलं असतं.

शिकाऊ असताना मी याच्या उलट चूक केली होती. सिमेंटने भरलेला ट्रक, ५.९ लिटरचं टर्बो कमिन्स इंजिन, आणि टर्बोपासून सायलेन्सरपर्यंतचा ४ इंची पाइप कुजून गेलेला. दुकानात ३ इंची पडून होता. मी तोच कापला, दोन्हीकडे फ्लँज वेल्ड करून गाडी सोडली. चौथ्या दिवशी ड्रायव्हर परत आला. गाडी घाटात ओढत नव्हती, काळा धूर मारत होती आणि डिझेलही जास्त पीत होती.

उस्तादांनी आवाज चढवला नाही. खडू घेतला आणि चेसिसवरच हिशोब मांडला. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा पूर्ण श्वास घेतं. म्हणजे २५०० आरपीएमला मिनिटाला साधारण ७,००० लिटर हवा. टर्बोचा बूस्ट १ बार असेल, तर ती जवळपास दुप्पट. तीच हवा टर्बोतून ४०० अंशांच्या आसपास तापून बाहेर पडते, तेव्हा फुगून मिनिटाला ३०,००० लिटरच्या घरात जाते. एवढा लोंढा ३ इंचीतून काढायचा तर वेग सेकंदाला शंभर मीटरच्या वर जातो. पाइप ४ इंची असेल, तर जागा पावणेदोन पट मिळते आणि अडथळा मात्र जवळपास चौपट कमी होतो. एका इंचाने एवढा फरक पडतो, हे त्या दिवशी डोक्यात शिरलं ते कायमचं.

‘थोडं बॅकप्रेशर लागतंच’ असं अजूनही ऐकू येतं. बॅकप्रेशर म्हणजे पुढच्या अडथळ्यामुळे मागे साचणारा दाब. टर्बो डिझेलला तो लागत नाही. टर्बाइन फिरतं ते आधीच्या आणि नंतरच्या दाबातल्या फरकावर. नंतरचा दाब जितका कमी, तितका टर्बो मोकळा फिरतो, हवा जास्त मिळते आणि डिझेल पूर्ण जळतं.

म्हणून ५ इंची टाकावा का? या इंजिनाला तरी नाही. ४ इंचीत अडथळा आधीच इतका उतरलेला असतो की त्यापुढे ताकदीत हाती काही लागत नाही. वजन मात्र वाढतं, आवाज घुमतो. हँगर नीट नसेल, तर सगळा भार टर्बोच्या फ्लँजवर येऊन वेल्डिंगला तडे जातात. ते तडे भरायचं काम मी पुष्कळदा केलंय.

खरी अडचण बऱ्याचदा पाइपात नसतेच. बेंड वाकवताना आतून चेपलेला असेल, तर ४ इंचीचा तिथे ३ इंची झालेला असतो. आमचे जुने कारागीर पाइपात कोरडी वाळू ठासून, तापवून वाकवायचे ते याचसाठी. दुसरी जागा एक्झॉस्ट ब्रेकची. घाट उतरताना बंद होणारी ती झडप काजळीने अर्धवट अडकते. मालक नवा पाइप मागत असतो आणि दोष असतो हाताच्या तळव्याएवढ्या त्या चकतीत. आधी ती हलवून पाहतो, मग टेप काढतो.

टेपने माप कळतं, अडथळा कळत नाही. त्यासाठी टर्बोनंतरच्या सरळ भागात एक नट वेल्ड करून त्याला तांब्याची नळी जोडतो. पुढे पारदर्शक नळीचा U आकाराचा वेढा केबिनमधल्या फळीवर, अर्धा पाण्याने भरलेला. भरल्या गाडीने चढावर पूर्ण ॲक्सिलरेटर द्यायचा आणि दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक मोजायचा. त्या कमिन्स इंजिनाला बॅकप्रेशरची मर्यादा पाऱ्याचे ३ इंच, म्हणजे पाण्याचा साधारण १ मीटर. त्याच्या आत असेल, तर मी पाइप बदलून देत नाही, गिऱ्हाईक नाराज झालं तरी.

हे सगळं जुन्या गाड्यांचं. २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीत फिल्टर, सेन्सर आणि युरियाची यंत्रणा याच वाटेवर बसलेली असते. तिथे पाइपाला कटर लावू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. आणि जुनी गाडी असेल, तर पाइप कापायच्या आधी एकदा पाण्याची नळी लावून घाट चढून या.