अफवा माझ्याच गॅरेजमधून निघाली

हायब्रीड गाडीची बॅटरी तीन वर्षांत बसते, पुराच्या पाण्यात शॉक मारते, केव्हाही पेट घेते, अशा धास्तीनं लोक अजूनही कोल्हापुरात माझ्या गॅरेजवर विचारायला येतात. यातलं बरंचसं पूर्वी मीच सांगत होतो. डिझेल इंजिनात हात बसलेला म्हणून लोक माझ्या शब्दावर गाड्या घ्यायचे, नाकारायचे. हायब्रीडची मला काहीच माहिती नव्हती, आणि बोलत मात्र ठाम होतो.

ओळखीच्या एका शिक्षकांना जुनी कॅमरी हायब्रीड चांगल्या भावात मिळत होती. मी म्हणालो, "सर, तिकडं बघूसुद्धा नका. बॅटरी गेली की कंबरडं मोडेल." मी हिशेब लावला होता मोबाइलवरून. मोबाइल आपण पार शून्यावर उतरवतो आणि शंभरपर्यंत भरतो. हायब्रीडमधला कॉम्प्युटर बॅटरीला या दोन्ही टोकांना जाऊच देत नाही, साधारण 40 ते 80 टक्क्यांमध्ये खेळवत ठेवतो. म्हणून ती टिकते. टोयोटाची पहिली प्रियस हायब्रीड जपानात डिसेंबर 1997 मध्ये विक्रीला आली, आणि आज भारतात टोयोटा हायब्रीड बॅटरीला 8 वर्षं किंवा 1,60,000 किलोमीटरची वॉरंटी देते. जुनी गाडी घेताना बॅटरी तपासावीच लागते, पण ती स्कॅनर लावून, एकेका ब्लॉकचं व्होल्टेज बघून. मी तर गाडी न बघताच निकाल दिला.

यापेक्षा मोठी चूक एसीच्या कामात झाली. एका हायब्रीडचा एसी थंड करत नव्हता. तिचा कॉम्प्रेसर पट्ट्यावर नव्हे, थेट हाय व्होल्टेजवर चालणारा, नारिंगी केबल लागलेला. मी गॅस भरला आणि सोबत नेहमीचं पॅग तेल सोडलं. या कॉम्प्रेसरची मोटर गॅस आणि तेलाच्या आतच फिरते, त्यामुळे तिला वीज न वाहू देणारं एस्टर तेल लागतं. पॅग तेल थोडं जरी गेलं तरी इन्सुलेशन ढासळतं. ही गोष्ट डब्यावर वाचायलाही मी थांबलो नाही.

गाडी परत आली ती रेडीवर न येणारी, म्हणजे सुरूच न होणारी. स्कॅनरवर हाय व्होल्टेजचं इन्सुलेशन कमी झाल्याचा कोड होता. मी मालकाला सांगून टाकलं, "साहेब, बॅटरी लीक व्हायला लागलीय." तेव्हा मला ते खरंच वाटत होतं, कारण धास्ती आधीपासून डोक्यात होती. त्या कोडचा अर्थ मला पुढं समजला. या गाड्यांत हाय व्होल्टेजच्या प्लस आणि मायनस दोन्ही बाजू बॉडीपासून वेगळ्या ठेवतात, आणि त्या तशा आहेत का यावर कॉम्प्युटर सतत नजर ठेवतो. म्हणूनच पाण्यात उभ्या गाडीच्या पत्र्यात करंट उतरेल ही भीती बहुतेक वेळा निराधार असते. गाडी बंद केली किंवा धडकेत एअरबॅग उघडली, की रिले बॅटरीला बाकीच्या गाडीपासून तोडतात.

खरा धोका होता तिथं मी बेफिकीर होतो. त्याच गाडीचा हाय व्होल्टेज तोडणारा सर्व्हिस प्लग काढला आणि लगेच इन्व्हर्टरच्या कव्हरला हात घातला. प्लग काढल्यावरही इन्व्हर्टरमधले कपॅसिटर काही काळ भरलेले राहतात. निदान दहा मिनिटं थांबायचं, 1000 व्होल्टचे रबरी हातमोजे घालायचे, मीटरनं शून्य बघायचं, मगच उघडायचं. माझ्या शेजारी हेल्पर पोरगं टॉर्च धरून उजेड दाखवत होतं. त्याला काही झालं नाही. पण तो प्रसंग आठवला की अजून मला झोप लागत नाही.

एकदा पुरात अडकलेली हायब्रीड मी दोरानं ओढून आणली, पुढची चाकं रस्त्यावर फिरवत. ती चाकं फिरली की मोटर वीज तयार करते. अशी गाडी फ्लॅटबेडवरच न्यायला हवी. शॉकच्या भीतीनं मी पत्र्याला हात लावत नव्हतो आणि धोका मात्र स्वतः निर्माण करत होतो.

पुण्यात एका जाणकाराकडं शिकून आल्यावर मी त्या एसीवाल्या गाडीच्या मालकांना भेटायला घरी गेलो. बिघाड कॉम्प्रेसरमध्ये होता, बॅटरी ठणठणीत होती, चूक माझी होती, हे सगळं सांगितलं आणि कॉम्प्रेसरचे पैसे पुढे केले. गाडी त्यांनी केव्हाच पडत्या भावात विकली होती. भावालाही हायब्रीड घेऊ दिली नव्हती. पैसे त्यांनी घेतले नाहीत.

"आता मी भावाला काय सांगू?" ते म्हणाले. "तुम्हीच फोन करा."

मी तिथंच बसून फोन लावला.