सळईची निवड

घरांतील तांब्याचें भांडें गळूं लागलें तर तें झाळून आणावें, दागिन्याची कडी तुटली तर सोनाराकडून डाग देऊन घ्यावा, ही रीत आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु सोनार डागासाठीं जो धातु वापरतो तो दागिन्याच्या सोन्याहून निराळा असतो, ही गोष्ट थोड्यांच्याच ध्यानीं येते. दागिन्याच्या आधीं वितळेल असाच धातु त्याला घ्यावा लागतो. नाहीं तर कडी जोडतांना दागिनाच वितळून जावयाचा. सांधण्याचा धातु वस्तूचा विचार करून निवडावा, हें या कलेचें मूळ सूत्र होय. आमच्या उद्योगांत या सूत्राचा प्रत्यय आम्हांस रोज येतो. म्हणून त्याविषयीं चार शब्द विद्यार्थ्यांसाठीं व त्यांच्या पालकांसाठीं लिहिण्याचें योजिलें आहे.

आमचा उद्योग इंजिनांचे ओतीव ॲल्युमिनियमचे भाग सांधण्याचा. जुन्या पिढीतील लोक ज्याच्या भांड्यांना ‘जर्मनचीं भांडीं’ म्हणत, तोच हा धातु. १८८६ सालीं अमेरिकेंत चार्लस हॉल व फ्रान्समध्यें पॉल एरू या दोघां तरुणांनीं, एकमेकांच्या प्रयत्नांशीं संबंध नसतां, विजेच्या साह्यानें तो स्वस्तांत काढण्याची युक्ति शोधली. १९०३ सालीं राइट बंधूंचें विमान उडालें, त्याच्या इंजिनाची मुख्य पेटी याच धातूची ओतलेली होती, व तींत शेंकडा सुमारें ८ भाग तांबें मिसळलेलें होतें. निव्वळ ॲल्युमिनियम मऊ असतें. म्हणून त्यांत तांबें, सिलिकॉन किंवा मॅग्नेशियम घालावें लागतें. सिलिकॉनमुळें रस पातळ होऊन सांच्याच्या कानाकोपऱ्यांत पोंचतो. यास्तव आजच्या इंजिनांच्या बहुतेक ओतीव भागांत तें असतें.

गेल्या पावसाळ्यांत एक रिक्षावाले गृहस्थ आपल्या इंजिनाचें हेड फडक्यांत गुंडाळून आमच्याकडे घेऊन आले. स्पार्क प्लगच्या भोंकापासून एक बारीक चीर निघाली होती. नवें हेड घेण्याइतके पैसे त्यांच्या हाताशीं नव्हते, आणि रिक्षा उभी राहिली म्हणजे घरची चूलही थंडावणार! “मालक, तुमच्याजवळची सर्वांत मजबूत काडी लावा, चार पैसे जास्त घ्या,” असें ते काकुळतीनें म्हणाले.

आमच्या फळीवर मुख्यतः दोन प्रकारच्या सळया असतात. दोन्ही रुपेरी, दोन्ही विणकामाच्या सुईएवढ्या जाड. नुसत्या डोळ्यांनीं त्यांतील भेद कळत नाहीं. अंगावर उमटविलेल्या आंकड्यांवरूनच तो ओळखावयाचा. एकीवर ४०४३, तर दुसरीवर ५३५६. पहिलींत शेंकडा सुमारें ५ भाग सिलिकॉन, दुसरींत सुमारें तितकेंच मॅग्नेशियम. केवळ बळाची परीक्षा घेतली तर ५३५६ चीच सरशी होते. त्या गृहस्थांच्या मागणीप्रमाणें तीच घ्यावयास हवी होती. परंतु आम्हीं ती घेतली नाहीं. कां, तें सांगण्यासारखें आहे.

पहिलें कारण हेडच्या धातूंत आहे. त्यांत सिलिकॉन पुष्कळ असतें. सिलिकॉन व मॅग्नेशियम मोठ्या प्रमाणांत एकत्र आलीं म्हणजे त्यांचें एक ठिसूळ संयुग बनतें, आणि सांधा बळकट होण्याऐवजीं तडकूं पाहतो. दुसरें कारण हेडला सोसाव्या लागणाऱ्या उष्णतेंत आहे. ज्या मिश्रणांत मॅग्नेशियम शेंकडा ३ भागांहून अधिक, तें सुमारें ६५ अंश सेंटिग्रेडच्या वर दीर्घकाळ राहिलें तर त्याची अंतर्रचना हळूहळू बदलते, आणि मग ताण व ओल यांच्या माऱ्यापुढें त्यास भेगा पडतात. रिक्षाचें हेड तर शंभर अंशांच्याही बरेंच पुढें तापतें. म्हणजे सांधा पहिल्या दिवशीं सुरेख दिसला असता, गिऱ्हाईक संतोषानें घरीं गेलें असतें, आणि पुढें केव्हां तरी भर रस्त्यांत त्या सांध्यानें दगा दिला असता! ४०४३ बळानें उणी खरी. पण तिचें हेडच्या धातूशीं जुळतें, ती उष्णता सोसते, आणि थिजतांना सहसा चिरत नाहीं. हा शेवटचा गुण लहान नव्हे. कारण ॲल्युमिनियम थिजतांना शेंकडा सुमारें ६ भाग आकसतें, व त्या ओढाताणींतच पुष्कळ सांधे फाटतात.

यावरून ५३५६ वाईट, असा समज कोणी करून घेऊं नये. मॅग्नेशियमयुक्त ॲल्युमिनियमच्या थंड राहणाऱ्या भागांस तीच योग्य. पातळ जागीं तेल झिरपत असेल तर सुमारें १२ भाग सिलिकॉनची ४०४७ बरी. तिचा रस बारीक फटींतही शिरतो. तांबें अधिक असलेल्या ओतकामास सिलिकॉन व तांबें दोन्ही असलेली ४१४५ घेतात. प्रत्येकीची जागा ठरलेली आहे.

मग धातु ओळखावा कसा? घांसून स्वच्छ केलेल्या जागेवर आम्ही कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाचा एक थेंब ठेवून पाहतों. जागा पांढरी राहिली तर निव्वळ किंवा मॅग्नेशियमयुक्त ॲल्युमिनियम. करडी झाली तर सिलिकॉन. काळीभोर झाली तर तांबें असण्याचा संभव. एखादी पेटी हातांत फारच हलकी लागली व व्हिनेगरच्या थेंबानें तिच्यावर बुडबुडे उठले, तर ती मॅग्नेशियमची समजावी. तिला यांपैकीं एकही सळई चालत नाहीं, व तिचा कीस सहज पेट घेतो. कॉस्टिक सोडा डोळे व कातडी जाळतो. तेव्हां मुलांनीं हा प्रयोग एकट्यानें करूं नये.

त्या हेडवर करडा डाग उमटला, आणि ४०४३ चा निर्णय पक्का झाला. चिरेच्या टोंकाशीं लहान भोंक पाडून तिची वाढ थांबविली, खांच कोरली, छिद्रांत मुरलेलें तेल काढून टाकलें, व संबंध हेड बेतानें तापविलें. ॲल्युमिनियम ६६० अंशांच्या सुमारास वितळतें, परंतु त्यावरील ऑक्साइडचा पापुद्रा २,००० अंशांनींही वितळत नाहीं. म्हणून पोलादी तारांच्या स्वच्छ ब्रशानें तो खरवडावा लागतो, व उरलेला आर्गन वायूच्या आवरणाखालीं उलटसुलट वाहणारा वीजप्रवाह फोडतो. काम झाल्यावर हेड सावकाश निवूं दिलें, प्लगचे आटे नव्यानें पाडले, आणि हवेचा दाब देऊन पाण्यांत बुडवून पाहिलें. एकही बुडबुडा आला नाहीं. तरीही सांध्याजवळचा धातु उष्णतेनें थोडा मऊ पडतो. म्हणून महिन्यानें पुन्हां दाखवावयास सांगितलें, व ते गृहस्थ आठवणीनें आलेही.

सर्वांनाच असें समाधान देतां येत नाहीं. एक शेतकरी पंपाच्या लहान इंजिनाचा मोडलेला ॲल्युमिनियमचा कनेक्टिंग रॉड घेऊन आले, तो आम्हीं तसाच परत दिला. मिनिटाला हजारों वेळां ताण व दाब सोसणारा तो भाग. सांधा सुटला तर तुकडे पेटी फोडून बाहेर यावयाचे. अशा जागीं कोणतीही सळई न घेणें हीच योग्य निवड. ते नाराज झाले. पण त्यांचा हात शाबूत राहणें आम्हांस अधिक मोलाचें वाटलें.

विद्यार्थिमित्रहो, रसायनाच्या तासाला मूलद्रव्यांचीं नांवें पाठ करतांना कंटाळा येतो, हें आम्ही जाणतों. पण त्याच नांवांवर एखाद्या कुटुंबाची भाकरी अवलंबून असूं शकते. पालकांसही एक विनंती करावीशी वाटते. मुलाचा मार्ग ठरवितांना सर्वांत मोठा कोणता, हा प्रश्न आपण प्रथम विचारतों. त्याआधीं दोन प्रश्न विचारले जावेत: हें मूल कोणत्या घडणीचें आहे, आणि पुढें त्याला कोणती आंच सोसावयाची आहे? त्यांचीं उत्तरें मिळालीं म्हणजे निवड फारशी कठीण राहत नाहीं.