यंत्रात जीव नव्हता का?

डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीचा 'रँडम अ‍ॅक्सेस मेमरीज' हा अल्बम मे २०१३ मध्ये आला. त्याआधीचा त्यांचा स्टुडिओ अल्बम २००५ चा. मधल्या आठ वर्षांत त्यांनी मैफलींचा दौरा केला, 'ट्रॉन: लेगसी' या चित्रपटाला संगीत दिलं. पण आम्ही चाहते वाट पाहत होतो ती नव्या अल्बमची. तो आला आणि जगभर गाजला. जानेवारी २०१४ मध्ये त्याला वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचं ग्रॅमी मिळालं. मीही तो पुन्हा पुन्हा ऐकत आलोय. तरी एक तक्रार मनातून जात नाही.

तक्रार पहिल्याच गाण्याच्या नावाबद्दल आहे. 'गिव्ह लाइफ बॅक टू म्युझिक'. संगीताला त्याचा जीव परत द्या! म्हणजे तो गेला होता? कुणी नेला, यंत्रांनी?

मी भिवंडीचा. आमच्या गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस चालायचा. वीज गेली किंवा ईद आली की तेवढा थांबायचा. अब्बा मागावर होते. पाहुण्यांना तो नुसता गोंगाट वाटायचा, अब्बांना मात्र त्यात सगळं ऐकू यायचं. कुणाशी बोलता बोलता ते वाक्य अर्धवट सोडून उठायचे आणि नेमक्या मागापाशी जाऊन उभे राहायचे. तिथे सूत तुटलेलं असायचं.

२००१ च्या सुमारास केबलवर 'वन मोअर टाइम' ऐकलं. मग खटपट करून त्यांचा १९९७ चा पहिला अल्बम 'होमवर्क' मिळवला. तोच ठोका, तोच तुकडा, आणि त्यात हळूच होणारा एखादा बदल. मित्र वैतागायचे, "अरे, कॅसेट अडकली का?" मला मात्र असं ऐकण्याची सवय लहानपणापासूनच होती.

'होमवर्क' तयार झाला तो थोमा बांगाल्तेरच्या पॅरिसमधल्या झोपायच्या खोलीत. त्याचे वडील स्वतः गीतकार आणि निर्माते, तेव्हा घर काही गरिबाचं नव्हतं. पण ड्रम मशीन, सिंथेसायझर, सॅम्पलर एवढ्या भांडवलावर एका खोलीतून जगाला नाचवता येतं, हे त्या अल्बमने दाखवलं. त्या भरवशावर मी आणि माझा मामेभाऊ सेकंडहँड कॉम्प्युटरवर रात्र रात्र ठोके जुळवत बसायचो. नवा अल्बम मात्र लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कच्या नामांकित स्टुडिओंमधला. ड्रमवर ओमर हकीम आणि जे. आर. रॉबिन्सनसारखे उस्ताद. ऐकताना वाटतं, खोलीतल्या पोरांना आता इथे दार बंद आहे.

पण न्यायाने बोलायचं तर दुसरी बाजूही आहे. सॅम्पलिंग म्हणजे जुन्या रेकॉर्डमधला तुकडा कापून त्यावर नवं गाणं उभं करणं. 'हार्डर, बेटर, फास्टर, स्ट्राँगर' हे एडविन बर्डसाँगच्या गाण्यातल्या तुकड्यावर उभं आहे. त्यावर नाचणाऱ्या किती जणांना हे नाव ठाऊक असेल? या अल्बममध्ये त्यांनी असे तुकडे जवळजवळ घेतलेच नाहीत, माणसंच बोलावली. नाइल रॉजर्स स्वतः गिटार घेऊन आले. सत्तरच्या दशकात सिंथेसायझरवर डिस्को घडवणारे जॉर्जो मोरोडर एका गाण्यात आपल्या तरुणपणाची गोष्ट स्वतःच्या आवाजात सांगतात. ज्यांच्या हुनरावर आपण वाढलो, त्या बुजुर्गांना बोलावून मानाने समोर बसवायचं, ही अदब मला फार आवडली. कापडाच्या ताग्यावर विणणाऱ्याचं नाव कधीच नसतं, हे पाहत मी मोठा झालो. त्यामुळे कारागिराचं नाव घेतलं गेलं की बरं वाटतं.

२०२१ मध्ये ही जोडी वेगळी झाली. २०२३ मध्ये याच अल्बमची ड्रम काढून टाकलेली आवृत्ती निघाली. जीव परत आणायला ज्यांना बोलावलं, त्यांचेच ठोके गायब! मला हसू आलं. पण ऐकत गेलो तसं लक्षात आलं, रिकाम्या जागी माझी बोटं मांडीवर तो ठोका धरतायत.

त्या गाण्याच्या नावाशी माझं भांडण आहे ते यासाठीच. मागापाशी कान देऊन उभा असलेला माणूस असेपर्यंत यंत्रातून जीव जात नाही. 'होमवर्क' करणाऱ्या त्या दोन पोरांचे कान तसेच होते. पुढे मोठ्या स्टुडिओत गेल्यावर त्यांनी उस्तादांना मान दिला, फार चांगलं केलं. फक्त त्यासाठी आपल्या जुन्या खोलीला निर्जीव म्हणायला नको होतं.