बाकावरच्या माणसाची किंमत

नोव्हेंबर 2025 मधली गोष्ट. इशाची नमाज झाली की आम्ही चार-पाच जण नेहमीच्या हॉटेलात चहाला बसतो. त्या दिवशी आयपीएलच्या अदलाबदलीची बातमी आली होती. जडेजा आणि सॅम करन राजस्थानला, संजू सॅमसन चेन्नईला. त्यावर सगळं रत्नागिरी बोलत होतं. आमचं टेबल मात्र अडकलं ते लहान नावांवर. मुंबईने शार्दूल ठाकूरला लखनौकडून 2 कोटींना घेतलं आणि अर्जुन तेंडुलकरला 30 लाखांना लखनौला दिलं.

"शार्दूल म्हणजे भरतीचा माल," एक जण म्हणाला. "रोज खेळणार थोडाच!"

मला राग आला. पालघरहून लोकलने मुंबईत खेळायला येणारा हा पोरगा. 2024 च्या मोठ्या लिलावात त्याला कुणीच घेतलं नव्हतं. मग मोहसीन खान जखमी झाला म्हणून लखनौने त्याला बोलावलं. आयपीएलमध्ये त्याची अशी अदलाबदल होण्याची ही तिसरी वेळ. संघ पंचवीस जणांचा असतो, मैदानात अकरा उतरतात. सीझन दोन महिन्यांचा, उन्हाळ्याचा. कुणाचा खांदा जातो, कुणाची मांडी भरते. तेव्हा जो बाकावरून उठतो त्याच्यावर संघ तरतो. हे सगळं मी टेबलावर हात आपटून सांगितलं. अब्बांकडून ऐकलेली गुलाम पारकरांची गोष्टही सांगितली.

गुलाम पारकर आपल्याच जिल्ह्यातले, चिपळूणजवळच्या कालुस्त्याचे. अब्बांच्या पिढीच्या कोकणी मुसलमानांना या नावाचा केवढा अभिमान! 1981-82 च्या रणजी हंगामात बंगालविरुद्ध गावसकरांबरोबर त्यांनी 421 धावांची सलामी दिली. गावसकरांचे त्यात 340, म्हणून लोकांना तेवढंच आठवतं. 1982 मध्ये लॉर्ड्सवर कसोटी मिळाली, धावा झाल्या 6 आणि 1. पुन्हा कसोटी मिळाली नाही. पण त्यांचं क्षेत्ररक्षण असं की त्याची आठवण जुने लोक अजून काढतात. 1984 मध्ये शारजात पहिला आशिया चषक जिंकला, त्या संघातही ते होते. अब्बा म्हणायचे, "बारावा गडीसुद्धा टीममधलाच असतो, रे."

टेबलावर सगळे गप्प झाले. मी खूश होऊन घरी गेलो.

जानेवारीत, रमजानच्या आधी, आमच्या मोहल्ल्याची टेनिस बॉलची लीग झाली. हल्ली आमच्याकडेही लिलाव होतो. प्रत्येक संघमालकाला 1000 पॉइंट, मूळ बोली 20 ची. माझा एक दोस्त मालक, मी त्याचा सल्लागार. माझा भाचा, वय वर्षं एकोणीस, शेवटच्या यादीत उरला होता. आम्ही त्याला 20 पॉइंटला घेतला. पंधरा जणांत तो तेरावा.

पहिल्या आठवड्यात तीनपैकी दोन सामने हरलो, दोन्ही शेवटच्या षटकात. मग एक दिवस अदलाबदलीचा असतो. समोरच्या संघाकडे यॉर्कर टाकणारा एक डावखुरा होता. मैदानाच्या कडेला खुर्च्या टाकून आम्ही हिशोब मांडला.

मी म्हणालो, "बाकावरचे दोन देऊन टाका. काय फरक पडतो? तसेही ते पाणीच पाजतात."

मागे पाण्याची बाटली घेऊन भाचा उभा होता. त्याने बाटली खाली ठेवली आणि नेट गुंडाळायला निघून गेला.

मला काहीच सुचलं नाही. ज्या तोंडाने मी नोव्हेंबरात गुलाम पारकरांची बाजू मांडली, त्याच तोंडाने जानेवारीत हे बोललो. टीव्हीवरच्या बाकावरच्या माणसाची कदर करणं सोपं असतं. तो आपल्याला ऐकत नाही. आणि तिथे निदान एक नियम आहे: खेळाडू हो म्हणाल्याशिवाय त्याला दुसऱ्या संघाला देता येत नाही. 2009 साली झहीर खान आणि रॉबिन उथप्पा यांची अदलाबदल झाली, तेव्हापासून ही पद्धत सुरू आहे. आमच्या मोहल्ल्यात आम्ही लिलाव उचलला, पॉइंट उचलले, रंगीत जर्सी उचलली. विचारायचं तेवढं राहिलं.

रात्री आपाच्या घरी गेलो. आपाने चहा ठेवला. तिला काही माहीत नव्हतं, त्याने घरी सांगितलंच नव्हतं. तो ओट्यावर बसून बुटांची माती खरवडत होता.

म्हणालो, "चुकलं माझं. तुला विचारायला हवं होतं."

तो बराच वेळ मान खाली घालून माती काढत राहिला. मग म्हणाला, "मामू, देऊन टाका म्हणालात त्याचं काही नाही. पाणीच पाजतात म्हणालात ते लागलं. मी रोज सगळ्यांच्या आधी येऊन पिच झाडतो."

हे मला ठाऊक नव्हतं. मी रोज खुर्ची मांडल्यावर यायचो.

"मग जातोस तिकडे?"

"जातो. त्यांच्याकडे कव्हरला माणूस नाही."

अदलाबदल झाली. डावखुरा आमच्याकडे आला, त्याने चांगली बोलिंग केली, तरी आम्ही उपांत्य फेरीत हरलो. भाच्याचा संघ आमच्याही आधी बाहेर पडला. त्याला दोन सामने मिळाले. एकात त्याने कव्हरला उजवीकडे झेपावून कॅच घेतला, तो आमच्याच सलामीवीराचा. मी विरुद्ध संघाचा सल्लागार, तरी उठून टाळ्या वाजवल्या. दोस्ताने माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं.

पुढच्या वर्षीच्या नियमांत मी एक ओळ घालायला सांगितली आहे: खेळाडूला विचारल्याशिवाय अदलाबदल नाही. कमिटीतले हसले, म्हणाले, वीस पॉइंटच्या पोराला काय विचारायचं?

पुढच्या बैठकीत मी तो विषय पुन्हा काढणार आहे.