बंदुकीच्या उंचीचा ढीग

1 जून 2025 रोजी हडसन्स बे कंपनीची कॅनडातली शेवटची दुकानं बंद झाली आणि संपादकांनी कळवलं, या कंपनीवर लिहा, पण सोपं लिहा. तिच्या रोजकीर्दी आणि खतावण्या वाचण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे बातम्यांमधली दोन वाक्यं जिव्हारी लागली. कंपनीच्या शूर माणसांनी म्हणे निर्मनुष्य प्रदेश शोधला, आणि भोळ्या आदिवासींना मणी देऊन नागवलं. दोन्ही विधानं चूक आहेत.

मराठी वाचकाला कंपनीचं मूळ परकं वाटू नये. दुसऱ्या चार्ल्सने 1668 साली मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला 10 पौंडांवर दिली. त्याच राजाने 2 मे 1670 रोजी हडसन उपसागराला मिळणाऱ्या नद्यांचा सगळा मुलूख या कंपनीला सनदेने बहाल केला. खंड काय, तर राजा तिकडे आला की दोन एल्क आणि दोन काळे बीव्हर.

कंपनीला बीव्हरचं कातडं हवं होतं ते हॅटसाठी. त्याच्या आतल्या मऊ लवेवर सूक्ष्म खवले असतात. ते एकमेकांत अडकतात आणि उत्तम नमदा तयार होतो. वरचे राठ केस मात्र काढावे लागतात. तिथले आदिवासी क्री लोक कातडी केसांची बाजू आत करून हिवाळाभर पांघरत, त्या घासण्याने राठ केस झडून जात. म्हणून सुरुवातीच्या काळात हॅटवाल्यांना वापरलेलं पांघरूणच अधिक पसंत होतं.

आता ती ढिगाची गोष्ट. बंदूक उभी करायची, तिच्या टोकापर्यंत कातडी रचून घ्यायची आणि तीच तिची किंमत. प्रत्येक व्याख्यानानंतर कुणीतरी ही गोष्ट मला सांगतंच. खतावणीत काय दिसतं? एक मोठं, वाळवलेलं, चांगल्या प्रतीचं बीव्हरचं कातडं हे हिशेबाचं एकक होतं आणि प्रत्येक वस्तूचा दर त्यात ठरलेला असे. अठराव्या शतकाच्या मध्यास उपसागराकाठच्या यॉर्क वखारीत बंदुकीचा दर होता साधारण 14. ताणून वाळवलेली 14 कातडी एकावर एक ठेवलीत तर ढीग गुडघ्यालाही लागणार नाही. वखारवाले दरापेक्षा जास्त उकळत, मापात हात मारत, हे खरं. तो जादा नफा हिशेबात वेगळा धरलेला असे. पण गिऱ्हाईकही ऐकून घेणारं नव्हतं. क्री पुढारी भर माप मागत, थंडीत फुटणाऱ्या बंदुकांवरून वखारवाल्याला सुनावत, तंबाखू ब्राझीलचीच हवी म्हणून अडून बसत. कंपनीला ती लिस्बनहून आणवावी लागली. सौदा पटला नाही तर फ्रेंचांचा रस्ता मोकळा होता. आर्थर रे आणि डोनाल्ड फ्रीमन यांनी 1978 मध्ये हे सगळं आकड्यांनिशी मांडलं आहे.

आणि निर्मनुष्य प्रदेश? थानाडेल्थर ही डेने जमातीची तरुणी क्रींच्या कैदेतून निसटून 1714 साली यॉर्क वखारीत पोचली. पुढच्या वर्षी वखारप्रमुख जेम्स नाइटने तिला कंपनीचा नोकर विल्यम स्टुअर्ट आणि सुमारे दीडशे क्रींबरोबर उत्तरेला धाडलं. उपासमारीने तांडा फुटला. तेव्हा दहा दिवसांची मुदत मागून ती एकटी पुढे गेली, आणि दहाव्या दिवशी आपली शंभरावर माणसं घेऊन परतली. बोलून, दटावून तिने दोन हाडवैरी जमातींत तह घडवला. 1717 च्या फेब्रुवारीत ती वारली. त्याच वर्षी उभी राहिलेली चर्चिलची वखार तिच्या शिष्टाईचं फळ आहे.

अन्याय झाला नाही, असं मी म्हणत नाही. 1781-82 च्या देवीच्या साथीत तळच्या तळ ओस पडले. पुढे 1869-70 मध्ये कंपनीने हा मुलूख 3 लाख पौंडांना कॅनडाच्या हवाली केला. रेड रिव्हरकाठी नांदणाऱ्या मेतीसांना, म्हणजे फर-व्यापारी आणि स्थानिक स्त्रिया यांच्या वंशजांना, कुणी विचारलंही नाही. त्यांचा पुढारी लुई रिएल उभा राहिला तो याचसाठी. नागवणूक शोधायची तर या व्यवहारात शोधा.

कंपनीचं दफ्तर विनिपेगला, मॅनिटोबाच्या अभिलेखागारात आहे आणि ते सर्वांना खुलं आहे. कॅनडातल्या मराठी वाचकांनी एकदा तिथे जाऊन यॉर्क वखारीची एखादी खतावणी स्वतः वाचावी.